डॅशबोर्डवरचं नववं भोक

मी विमा कंपनीच्या दावे विभागात बावीस वर्षं काढली आहेत. रोज निदान चार अर्ज असे येतात, ज्यांत अर्जदाराला जबरदस्त धक्का बसलेला असतो. मी अर्ज वाचतो, कागद उलटा करून बघतो, सही ताडून पाहतो आणि चहा मागवतो. दुसऱ्याच्या धक्क्याचं मला आजवर कधी काही वाटलं नाही. पण गेल्या महिन्यात एका जुन्या जीपने मला जे धक्के दिले, त्यांतून मी अजून सावरलेलो नाही. त्यात रस्त्यावरचे धक्के मी धरलेले नाहीत, कारण बराच काळ ती रस्त्यावर आलीच नव्हती.

सुरुवात दाढेपासून झाली. आमचे दातांचे डॉक्टर जुन्या जीपगाड्यांचे भयंकर शौकीन आहेत. त्यांच्या दवाखान्यात दाताचं एकही चित्र नाही, भिंतभर जीपा आहेत. चिखलातून निघालेल्या, दगडावर चढलेल्या, एक तर तळ्यात अर्धी बुडालेली. मी खुर्चीत आडवा, तोंड उघडं, दाढेत यंत्र फिरतंय, आणि डॉक्टर सांगताहेत.

"आजकालच्या गाडीचं बॉनेट उघडलं की काय दिसतं? प्लास्टिकचं झाकण. हिचं उघडलं की इंजिन दिसतं, आणि इंजिनाच्या कडेनं खाली बघितलं की जमीन दिसते. लपवाछपवी नाही! जरा मोठा आ करा."

मी मोठा आ केला.

"पुढची काच आडवी पाडता येते. दारं नाहीतच, म्हणजे बिघडायचा प्रश्न नाही. आणि गिअरच्या काठीशेजारी ही दुसरी काठी दिसते ना? ही ओढली की मागची चाकं ढकलतात आणि पुढची ओढतात. वाळू असो, दगड असो, गाडी थांबत नाही. असल्या गाडीसाठी लोक राहती घरं विकतात. दुखलं का?"

दुखलं होतं. पण तोंड उघडं असलेल्या माणसाला मत मांडता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच डॉक्टरांना आजवर कुणी विरोध केलेला नसावा.

"फक्त मूळ पाहिजे हं. सगळी मजा मूळ असण्यात आहे. तुमची ही दाढ मी उपटत का नाहीये? मूळ आहे म्हणून!"

बाहेर पडलो तेव्हा माझा अर्धा गाल बधिर होता आणि डोक्यात जीप शिरली होती. पंधरा दिवसांत मोजणी खात्याचा लिलाव निघाला. जमिनी आणि डोंगर मोजायला साहेबांना घेऊन फिरणाऱ्या त्यांच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या होत्या. एका पिवळ्या जीपवर मी आणि एक भंगारवाला असे दोघेच बोली लावत होतो. मी हात वर केल्यावर भंगारवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी फक्त दवाखान्याच्या बाकावर पाहिली आहे. मग त्याने आपला हात खिशात घातला. खात्याच्या माणसाने जीप एका झटक्यात सुरू केली आणि आमच्या इमारतीखाली आणून लावली. ही एका झटक्याची गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी नेमकी तीच विसरलो.

बायको गॅलरीत आली. "अहो, हे काय आणलंत?"

"वारसा," मी म्हणालो.

"कुणाचा?"

मी बॉनेटवरची धूळ झटकू लागलो. बायकोने त्याच क्षणी जाहीर केलं, की ही वस्तू खाली उभी आहे तोवर ती त्या बाजूच्या खिडकीचा पडदा उघडणार नाही आणि खाली उतरून तिचं तोंड बघणार नाही. माझी बायको बोलल्याप्रमाणे वागते. खोलीत त्या दिवसापासून अंधार झाला.

मग मामा खाली आले. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं आमच्याकडेच असतात. त्यांनी मोजणी खात्यात तीस वर्षं ड्रायव्हरची नोकरी केली, हे मला माहीत होतं. पण खात्यात गाड्या चाळीस, आणि मामा बोलणार दिवसाला चार वाक्यं. त्यातून मी जावई! मी खोलीत शिरलो की ते खुर्चीतून उठतात. एकदा मी त्यांना चुकून साखरेऐवजी मीठ घातलेला चहा दिला. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि कप ठेवताना "छान झालाय" म्हणाले. जावयाच्या शब्दापुढे त्यांनी बावीस वर्षांत शब्द काढलेला नाही.

मामांनी जीपला एक फेरी मारली. डाव्या सीटसमोर, गुडघ्याच्या उंचीवर, एक लोखंडी दांडी जोडलेली होती. तिच्यावर त्यांनी हात ठेवला.

"कुठून आणलीत, जावईबापू?"

"मोजणी खात्यातून. तुमच्याच खात्याची!"

"अस्सं," मामा म्हणाले, आणि पुढे काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

पण मी भरात होतो. "हा डॅशबोर्ड बघा, मामा! मूळच्या सुंदर पत्र्याला आठ भोकं! एक नाही, दोन नाही, आठ! कुठल्या अडाण्याचं काम आहे हे, देव जाणे!"

मामांनी तोंड मिटलं. ते मिटताना मी पाहिलं होतं, हे मला आता आठवतं. सह्या ताडून पाहणारा मी माणूस, पण समोरच्याचा चेहरा ताडायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने जुनी नोंद काढली.

"रंग हिरवा."

"आता पिवळा आहे. वरून दिलाय."

"आसनं आठ."

"मागची काही बाकं खात्याने काढली. आता चार."

"मग उरलेली चार माणसं कुठे बसणार?" तो खरोखर काळजीत पडला होता. त्याने बराच वेळ विचार केला, वहीचं पान उलटलं आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "अहो, पण गाडीचं वयच संपलंय! रंगाचा प्रश्नच येत नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबाचं प्रमाणपत्र तीस दिवसांत आणलंत तर वारसा. नाहीतर भंगार."

"आणि मधलं काही?"

त्याने मला छापील अर्ज दाखवला. वारसा आणि भंगार, दोनच चौकोन होते. क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर निघाले, म्हणून मी निर्धास्त झालो. पण डॉक्टर म्हणाले, "ओळख वेगळी, तपासणी वेगळी. शेवटच्या रविवारी समिती येईल. गाडी सुरू झाली पाहिजे, तुमच्या इमारतीमागची टेकडी चढली पाहिजे, आणि मूळ पाहिजे."

मूळ! मी कारखान्याच्या पुस्तकाची झेरॉक्स मिळवली, कचेरीतून रजा घेतली आणि कामाला लागलो. पुस्तकात असेल ते राहील, नसेल ते जाईल. याच नियमावर आमचा अख्खा दावे विभाग चालतो. डॅशबोर्डवरचा वाकडा खिळा पुस्तकात नव्हता, गेला. तारेची आकडी गेली. सीटखाली रबर ठोकलेला लाकडी ठोकळा होता, तो गेला. थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या चोकच्या तारेला कुणीतरी सुतळी बांधली होती, तिला मध्यावर एक गाठ आणि टोकाला कोटाचं मोठं बटण. हे पाहून तर मी सोसायटीच्या सेक्रेटरींना मुद्दाम हाक मारून आणलं. "बघा! गाडीला बटण! कुठल्या अडाण्याचं काम आहे हे!" सुतळी कापून मी तिथे पुस्तकातल्यासारखी काळी मूठ बसवली. डाव्या सीटसमोरची दांडी करवतीने कापायला मला दोन दिवस लागले. आठही भोकं लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून बुजवली. काढलेल्या वस्तू मी भिंतीजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकत होतो. मामा रोज खुर्ची टाकून शेजारी बसायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, जावयाचं कौतुक चाललंय.

नववं भोक मात्र माझं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पुस्तकात डॅशबोर्डवर सूचनांची एक पट्टी दाखवली होती. चित्रावर फूटपट्टी ठेवून मी अंतर मोजलं, बरोब्बर तिथे ड्रिल चालवलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की झेरॉक्सवाल्याने पानं बसावीत म्हणून चित्र लहान करून दिलं होतं. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. मामा पाणी प्यायला वर गेले होते. मी घाईघाईने लांबी भरली, वर रंग लावला आणि शीळ घालू लागलो. मला शीळ येत नाही.

एवढं सगळं झाल्यावर जीप सुरू करायला गेलो, तर ती सुरू होईना. घर्रर्र करायची, पेट्रोलचा वास सोडायची आणि गप्प बसायची. एक मेकॅनिक म्हणाला बॅटरी. नवी बॅटरी घातली. दुसरा म्हणाला प्लग. नवे प्लग घातले. तिसऱ्याने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि माझं वय विचारलं.

वरच्या मजल्यावर व्यायामशिक्षक राहतात. त्यांचं म्हणणं पडलं, की जगातला कुठलाही प्रश्न ढकलून सुटतो. त्यांनी इमारतीतली नऊ माणसं रांगेत उभी करून त्यांच्याकडून आधी हातपाय मोकळे करून घेतले. मग सगळ्यांनी ढकललं. जीप तसूभर हलली नाही. मी स्टिअरिंगवर बसलो होतो. गाडी गिअरमध्येच आहे हे माझ्या ध्यानात आलं आणि मी काठी मोकळी केली, पण हे ढकलणाऱ्यांना कळवायचं राहून गेलं. जीप सुटली, ती आवार ओलांडून थेट सेक्रेटरींच्या गुलाबांत शिरली. अकरा कुंड्या फुटल्या. खडबडीत जमिनीवर ही गाडी थांबत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. संध्याकाळी फलकावर नोटीस लागली: "सोसायटीच्या आवारात युद्धसामग्री ठेवू नये." खाली माझ्या फ्लॅटचा नंबर होता. मी सोसायटीचा बावीस वर्षांपासूनचा अब्रूदार सभासद, जिन्यात पोरंसोरं मला सलाम ठोकू लागली.

शेवटचा रविवार उजाडला. डॉक्टर आणि समितीचे दोन सदस्य आले. सदस्य दोघेही अजिबात बोलत नव्हते, फक्त लिहीत होते. डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा तो दांडीचा छोटा आरसा काढला आणि ते जीपच्या पोटाखाली शिरले. मग डॅशबोर्डपाशी आले. नखाने पत्रा खरवडला.

"इथे लांबी भरलीय. कुणी भरली?"

"मी!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "आठ भोकं होती. आता एकही नाही."

"आणि ही वेल्डिंग कापल्याची खूण? इथे दांडी होती का?"

"होती. काढली. पुस्तकात नाही."

डॉक्टर हळूहळू सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "अहो, काय केलंत हे! कारखान्यातून निघाल्या तशा कोऱ्या गाड्या मी ढिगानं पाहिल्यात. सगळ्या सारख्या. ही गाडी तीस वर्षं डोंगरांत राबलेली. कशी राबली, कुणी राबवली, हे ज्या खुणांवरून कळतं, ते हिचं मूळ! आम्ही तेच बघायला येतो. आणि तुम्ही धडधाकट दात उपटावेत तशा एकेक करून उपटल्यात?"

मला काही बोलता येईना, आणि यावेळी तर तोंडात यंत्रही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "निदान सुरू तरी करा." मी किल्ली फिरवली. घर्रर्र. वास. शांतता. सदस्यांपैकी एकाने पेनाचं टोपण काढलं. तो कुठल्या चौकोनावर फुली मारणार, हे मला लांबून दिसत होतं. एक महिन्याची रजा, अकरा कुंड्या, अंधारी खोली, आणि शेवटी भंगारवाल्याच्या नजरेतलंच खरं ठरणार होतं. मला खरंच रडू यायला लागलं.

"एक मिनिट," कुणीतरी म्हणालं.

मामा खुर्चीतून उठले होते. ते जिना चढून वर गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन खाली आले. त्यांच्यामागे पाहुण्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन बायको आली. महिन्याभरात पहिल्यांदाच ती खाली उतरत होती आणि जीपकडे पाठ राहील अशी तिरकी चालत होती. मामांनी पिशवी बॉनेटवर ओतली. खिळा, आकडी, ठोकळा, बटणाची सुतळी, कापलेली दांडी. मी कचऱ्यात टाकलेली प्रत्येक वस्तू. सगळ्या पुसलेल्या, तेल लावून कागदात गुंडाळलेल्या.

"या भोकात खिळा होता, साहेब," मामा डॉक्टरांना सांगू लागले. "नकाशाची गुंडाळी अडकवायला. मोजणीच्या साहेबांचा एक हात दुखरा होता, त्यांना ती धरून बसता यायचं नाही. ही आकडी पाण्याच्या बाटलीची. ही दोन भोकं चष्म्याच्या घराची, साहेब दर उतारावर चष्मा हरवायचे. हा ठोकळा चढावर चाकामागे लावायचा."

"तुम्हाला हे कसं ठाऊक?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं. "मीच पाडलीत ना. आठही."

कुठल्या अडाण्याचं काम! हे मी किती वेळा म्हणालो होतो? सेक्रेटरींसमोर, व्यायामशिक्षकांसमोर, मेकॅनिकसमोर, आणि प्रत्येक वेळी मामा दोन हातांवर खुर्ची टाकून बसलेले. बावीस वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की मामा, तुम्ही कुठली गाडी चालवत होतात?

तेवढ्यात मागे ट्रे खणखणला. बायको वळली होती. तिने ट्रे तसाच बॉनेटवर टेकवला आणि दांडी उचलली. "बाबा! ही माझी दांडी!"

"तुझीच," मामा म्हणाले.

"मी सहा वर्षांची होते," ती कुणाला सांगत होती कोण जाणे. "आई दवाखान्यात होती, घरी कुणी नव्हतं. साहेबांनी सांगितलं, पोरीला पुढे बसव. माझे पाय खाली पुरायचे नाहीत, मी घसरायचे. म्हणून बाबांनी ही माझ्या उंचीला लावून घेतली." मग तिने दांडीचं कापलेलं टोक पाहिलं, आणि मग मला पाहिलं. "ही तुम्ही कापलीत?"

मी संतापलेले दावेदार पाहिले आहेत. एकाने तर माझ्या टेबलावर जळालेला पंखा आणून आदळला होता. पण त्या नजरेपुढे मला एकच उत्तर सुचलं. "पुस्तकात नव्हती," मी म्हणालो. ते ऐकून समितीच्या न बोलणाऱ्या सदस्यानेसुद्धा "अरेरे" केलं.

मामांनी दरम्यान काळी मूठ काढून सुतळी बांधली होती. "चोक पूर्ण ओढला की हिला पेट्रोल जास्त होतं," ते मला हलक्या आवाजात म्हणाले, मला वाईट वाटू नये म्हणून. "अर्धाच लागतो. गाठ आली की थांबायचं." त्यांनी बटण धरून सुतळी ओढली, गाठ येताच थांबले, किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन सुरू झालं.

पुढे डॉक्टर, मागे दोन सदस्य आणि पत्र्यावर उकिडवा मी, अशी आमची जीप टेकडीकडे निघाली. चढ आल्यावर मामांनी दुसरी काठी ओढली. दगड निसटत होते, जीप थांबत नव्हती. मला फक्त मामांची पाठ दिसत होती आणि ती कधी नव्हे इतकी ताठ होती. ते बोलत होते! कुठल्या डोंगरावर वाट संपली, कुठे साहेब उतरून चालत आले आणि कुठे गाडी साहेबांच्या आधी पोचली, सगळं डॉक्टरांना सांगत होते. बावीस वर्षांत मी ऐकलं नव्हतं इतकं मी त्या एका चढावर ऐकलं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी ते बोलणं संपू नये असं वाटत होतं.

खाली आल्यावर डॉक्टरांनी प्रमाणपत्र लिहिलं. "मूळ भाग" या सदरात त्यांनी सांगाडा लिहिला, इंजिन लिहिलं, गिअरची पेटी लिहिली आणि शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "चालक." वाहन कार्यालयातल्या कारकुनाने ते तीनदा वाचलं आणि सगळे मूळ भाग पडताळणीसाठी समोर आणा म्हणाला. मी मामांना घेऊन गेलो. त्याने त्यांच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं, यादीत खूण केली आणि वारशाच्या चौकोनात शिक्का मारला.

परतताना मी मामांची माफी मागितली. सरळ मागितली. "मामा, मी तुम्हाला अडाणी म्हणालो. पंधरा वेळा तरी म्हणालो. तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या उत्साहानं बोलत होतात, जावईबापू. मधे कसं तोंड घालायचं?" मामा म्हणाले. "आणि तुम्ही मला कुठे म्हणालात? भोकं पाडणाऱ्याला म्हणालात."

पुढच्या रविवारी दांडी जुन्या जागी जोडून आणली. मी लांबी उकरून मामांची भोकं एकेक करून मोकळी करत होतो. मामा स्टिअरिंगवर बसले होते आणि बायको पुढच्या सीटवर. आता ती दांडी तिच्या गुडघ्यांना लागते, तरी दोन्ही हातांनी धरूनच बसते. आठ भोकं मोकळी झाली. मी हत्यार खाली ठेवलं. मामांनी बोटाने रंगावरून चाचपलं, एके जागी थांबले आणि नखाने टोकरलं. लांबीचा खपला खाली पडला.

"हे कशाचं हो, मामा?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

मामांनी चष्मा लावला. वाकून त्या भोकाकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग चष्मा काढून घडी केला.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "कुठल्या अडाण्याचं काम आहे हे, देव जाणे."

त्यांनी सुतळीच्या बटणाला हात घातला. चेहरा नेहमीसारखाच होता, मिठाचा चहा प्यायल्यासारखा. मी बायकोकडे पाहिलं. ती दांडीवर डोकं टेकून बसली होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं.